जुना डी८एच डोझर: बरेच महिने रोज चालवल्यावर काय वाटतं

नवीन कॅबवाल्या, जॉयस्टिकवाल्या डोझरवरून मी जुन्या कॅटरपिलर डी८एच वर आलो त्याला आता बरेच महिने झाले, एक अख्खा सीझन त्यावर काढला, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मशीन मला मनापासून आवडलंय हे आधीच सांगून टाकतो. जुने ऑपरेटर या मशीनबद्दल एवढं का बोलतात ते मला लांबून कधी कळलं नव्हतं, सीटवर बसल्यावर कळलं.

आधी मशीनबद्दल थोडं. डी८एच १९५८ ते १९७४ या काळात बनत होता. आत डी३४२ इंजिन, सहा सिलिंडर, पावणेसहा इंच बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि आठ इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे जवळपास २०.४ लिटर. नंतरच्या मशीनना २७० हॉर्सपॉवर. हा आकडा ऐकून लोक म्हणतात एवढ्या मोठ्या इंजिनाची एवढीच ताकद? पण ती २७० कुठे मिळते ते बघा ना, १२८० आरपीएमला! आजकालची इंजिनं जिथे नुसती गरम होत असतात तिथे याचं पूर्ण काम चाललेलं असतं. आठ इंचाचा स्ट्रोक, जड फ्लायव्हील (इंजिनामागचं फिरतं चाक), त्यामुळे ब्लेडपुढे माल वाढत गेला की इंजिन दबतं, आवाज खाली खाली उतरतो, धूर काळा व्हायला लागतो, आपल्याला वाटतं आता बंद पडणार, आणि तिथेच ते धरून ठेवतं आणि तसंच दबलेल्या आवाजात माल पुढे नेऊन टाकतं. ही गोष्ट लिहून कळत नाही, ऐकावीच लागते.

माझा डायरेक्ट ड्राइव्हवाला आहे. म्हणजे मध्ये टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) नाही, इंजिन आणि चेनच्या (चाकांऐवजी असलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या) मध्ये क्लच आणि गिअर एवढंच. याचाच पॉवर शिफ्ट भाऊ, म्हणजे कन्व्हर्टरवाला, पुढे-मागे करायच्या कामात नक्कीच फास्ट आहे, सतत गिअर बदलायचे असतील तर तोच घ्या. पण कन्व्हर्टर असला की लोड त्या तेलात थोडा मऊ होऊन इंजिनपर्यंत पोचतो. डायरेक्ट ड्राइव्हला तसं नाही, ब्लेडखाली दगड आला, माती बदलली, खाली कडक थर लागला की लगेच इंजिनाच्या आवाजात आणि बसल्या जागी कळतं. पहिले काही दिवस मी ब्लेडकडेच बघत होतो, आता बराचसा वेळ कानावर काम चालतं. लेव्हल करताना तर ब्लेडचं टोक दिसायच्या आधी सीट सांगते की चेनचा पुढचा भाग उंचवट्यावर चढतोय, आणि तेवढ्यात लिव्हर बोटभर हलवला की जमिनीचा पट्टा सपाट राहतो. स्क्रीन नाही, सेन्सर नाही, जे काही फिनिशिंग निघतं ते आपल्या हाताचं असतं. ऑपरेटर या मशीनवर जीव टाकतात त्याचं खरं कारण मला हेच वाटतं. काम चांगलं झालं तर आपल्यामुळे झालं हे माहीत असतं, आणि वाईट झालं तर तेही.

आता पोनी मोटर. माझ्या मशीनला मोठं डिझेल इंजिन सुरू करायला एक छोटं पेट्रोल इंजिन आहे, त्यालाच पोनी म्हणतात. सुरुवातीला लोकांना हा वैताग वाटतो, मला तर आता रोज सकाळचं आवडतं काम झालंय. आधी पोनी चालू करायची, थोडी गरम होऊ द्यायची, मग तिचा पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलला लावायचा आणि क्लच टाकायचा, की डिझेल हळूहळू फिरायला लागतं. डिझेलचं इंधन अजून बंदच. पोनीचं आणि डिझेलचं कूलिंगचं पाणी एकच, त्यामुळे पोनी स्वतः गरम होता होता मोठ्या इंजिनालाही ऊब देते, आणि इंजिन नुसतं फिरत असल्यामुळे ऑइल प्रेशरचा काटा वर येतो. काटा वर आल्यावरच इंधन उघडायचं. म्हणजे पहिला स्फोट व्हायच्या आधीच बेअरिंगपर्यंत तेल पोचलेलं असतं! बॅटरीच्या एका झटक्यात सुरू होणाऱ्या इंजिनाला हे सुख नाही. ही इंजिनं इतकी वर्षं टिकली त्यात या पद्धतीचा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. एक मात्र पाळा, पोनी बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जळून जाऊ द्या, नाहीतर ते आत साचतं, चिकट होतं आणि कधी झिरपत पोनीच्या ऑइलमध्ये उतरतं. संध्याकाळी डिझेलही लोडवरून थेट बंद नाही करायचं, काही मिनिटं स्लोवर चालू द्यायचं म्हणजे टर्बो आणि हेड सावकाश थंड होतात.

स्टीअरिंगबद्दल जरा जास्त लिहितो कारण नवीन मशीनवरून येणारा इथेच गडबडतो. दोन हातांना दोन लिव्हर आणि पायाशी दोन ब्रेक. डावा लिव्हर ओढला की डाव्या चेनचा क्लच सुटतो, उजवी चेन ढकलत राहते, मशीन डावीकडे वळतं, जास्त वळवायचं तर डावा ब्रेक दाबायचा. सपाटीवर सोपं आहे. पण उतारावर ब्लेड रिकामं असताना मशीन स्वतःच्या वजनाने खाली जात असतं आणि इंजिन त्याला धरून ठेवत असतं. अशा वेळी नुसता डावा लिव्हर ओढला तर डावी चेन मोकळी होऊन जास्त पळते, उजवी इंजिनाने धरलेली, आणि मशीन उजवीकडे वळतं! उलटं. म्हणून उतारावर एकतर लिव्हरबरोबर ब्रेकही दाबायचा, किंवा मुद्दाम उलटा लिव्हर वापरायचा. ब्लेडपुढे भरपूर माल असेल तर तो माल मशीनला अडवतो आणि वळणं नेहमीसारखं राहतं, पण भरावाच्या टोकाला माल खाली सुटला की त्याच क्षणी सगळं बदलतं. कड्याजवळ काम करायच्या आधी हे डोक्यात नाही, हातापायात बसलेलं पाहिजे. उघड्या सपाट जागेवर आणि हलक्या उतारावर आधी सराव करा, घाई करू नका.

काम काढायचं असेल तर या मशीनला स्पीडने नाही, पद्धतीने हाणावं लागतं. शक्य तिथे उताराच्या दिशेने ढकला आणि एकाच चरातून पुन्हा पुन्हा जा, दोन्ही बाजूंना मातीचे बांध राहू द्या म्हणजे माल ब्लेडच्या कडेने सांडत नाही. चरातून ढकलल्यावर साधारण २० टक्क्यांपर्यंत जास्त माल जातो असं धरतात, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. शंभर मीटरच्या पुढे मात्र कुठलाही डोझर माल न्यायचं मशीन नाही, तिथे उगाच डिझेल जाळू नका.

खालची चेन, तिचे रोलर, पुढचं चाक म्हणजे आयडलर, चेन फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, सगळा खर्च इथे आहे. कुठल्याही चेनवाल्या मशीनच्या मेंटेनन्सचा निम्माअर्धा पैसा खालीच जातो असं म्हणतात ते खरं आहे. चेन फार ताणून ठेवली तर चेनच्या सांध्यातले पिन, त्यावरचे बुश आणि स्प्रॉकेट लवकर झिजतात, फार सैल ठेवली तर वळताना उतरते. चिखलात काम असेल तर स्प्रॉकेटमध्ये माती गच्च बसून चेन आपोआप ताणते, म्हणून संध्याकाळी फावड्याने साफ करणं हे टाळायचं काम नाही. आणि विनाकारण लांब लांब रिव्हर्स, तेही वरच्या गिअरमध्ये, नको, रिव्हर्सला बुश जास्त झिजतात. जुन्या कोरड्या (सांध्यात तेल नसलेल्या) चेनची एक चांगली गोष्ट म्हणजे बुश एकाच बाजूने झिजतात, प्रेसवर काढून अर्धा फेरा फिरवून बसवले की चेनला दुसरं आयुष्य मिळतं. अशी रिपेअरिंग या पूर्ण मशीनभर आहे. इंजेक्शन पंप मेकॅनिकल, गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) मेकॅनिकल, जे बिघडलं ते उघडून डोळ्यांनी दिसतं, हातात धरता येतं, झिजलेला भाग बदलता येतो. लॅपटॉप लावून कोड वाचायची वाट बघत मशीन उभं राहत नाही.

१९७७ ला कॅटरपिलरचा डी१० आला तेव्हापासून मोठ्या मशीनचा स्प्रॉकेट वर गेला आणि चेन त्रिकोणी झाली. फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारे शेवटचे गिअर) माती आणि दणक्यांपासून वाचतो, खोलून काढायला सोपा पडतो, ते मान्यच आहे. तरी फिनिशिंगला मला ही जुनी लांबट चेनच आवडते, कमी डुलते असं वाटतं. यावर ऑपरेटर लोकांत कायम वाद असतो, असू दे.

त्रास काय ते पण ऐका. आवाज भयंकर आहे, उघड्या सीटवर कानात प्लग आणि वर मफ दोन्ही लावल्याशिवाय बसूच नका, त्या पिढीतले कितीतरी ऑपरेटर आज नीट ऐकू शकत नाहीत. धूळ थेट तोंडावर, मास्क लागतोच. पाय ठेवायची जागा गरम होते. लिव्हर आणि क्लच जड आहेत, दिवसाच्या शेवटी खांदे बोलतात. या वयाच्या मशीनला कुठून ना कुठून तेल झिरपतंच, रोज फिरून बघायची सवय पाहिजे. आणि उलटल्यावर वाचवणारा मजबूत सांगाडा व सीटबेल्ट नसेल तर तो बसवल्याशिवाय उतारावर नेऊ नका, नुसतं उन्हाचं पत्र्याचं छत म्हणजे संरक्षण नाही. यात मशीनवरच्या प्रेमाचा काही संबंध नाही.

कोणी घ्यायचा विचार करत असेल तर रंग बघू नका. स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का बघा, फायनल ड्राइव्हचा प्लग थोडा सैल करून तेल बोटावर घ्या, दुधाळ असेल तर पाणी गेलंय आणि चमचम दिसली तर गिअर किंवा बेअरिंग गेलंय. इंजिन लोडवर असताना ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किती धूर येतो ते बघा. दोन्ही बाजूंना वळवून बघा, एका बाजूला लिव्हर ओढूनही चेन ओढतच राहत असेल तर तो क्लच नीट सुटत नाही. आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, कारण गरम करून ठेवलेलं इंजिन कसंही सुरू होतं, थंड इंजिन तुमच्यासमोर पोनीने सुरू करून दाखवलं तरच पुढचं बोला.