मोहरी की नेचा: कीड-प्रयोगासाठी काय घ्यावं?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला 'विषारी मूलद्रव्यं साठवून वनस्पती किडीला कशी रोखतात' हा विषय घेतला, की बडोद्यात सोयीचे पर्याय दोनच: सेलेनियम दिलेली मोहरी किंवा आर्सेनिक शोषणारा टेरिस विटाटा हा नेचा. मी दोन्ही वाढवले आहेत.

मोहरीची बाजू भक्कम आहे. बी कुठेही मिळतं, थंडीत झपाट्याने वाढते. सेलेनियमवाली पानं कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या टाळतात, मावाही टाळतो. हे सगळ्याच मूलद्रव्यांना लागू नाही. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रेप्टँथस या मोहरीच्याच कुळातल्या रोपात साठलेलं निकेल पानं कुरतडणाऱ्या अळ्यांना मारतं, पण चाचणीत रस शोषणाऱ्या माव्याला त्याची बाधा झाली नाही.

मला छळलं ते गंधकाने. सेलेनियम मुळांत शिरतं ते सल्फेटच्याच वाटेने, आणि मोहरीचा तिखटपणाही गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेटांचाच. एक बदललं की दुसरं हलतं. त्यात या अळ्या त्याच रसायनांवरून आपलं पान ओळखतात. मग अळी पान सोडून गेली ती सेलेनियमला भिऊन, की ओळखीची चव उरली नाही म्हणून? तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच, आणि नुसती कुरतडलेली पानं दाखवून त्याचं उत्तर देता येत नाही.

नेच्यात ही गुंतागुंत मला तरी कमी वाटली. फ्लोरिडात लाकूड टिकवण्याच्या रसायनाने दूषित झालेल्या जमिनीवर तो सापडला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार त्याच्या पानांत 2.3 टक्क्यांपर्यंत आर्सेनिक साठतं. 2007 च्या प्रयोगात नाकतोड्यांनी आर्सेनिकवाला नेचा टाळला. शिवाय लेट्यूसची पानं आर्सेनिकच्या द्रावणात बुडवून दिली, तेव्हाही त्यांनी साध्या पाण्यातली पसंत केली. दुसऱ्याच वनस्पतीच्या पानावर हीच चाचणी घेता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

तोटे आहेत. बीजाणूंपासून रोप व्हायला महिने जातात, आपल्याकडच्या मे महिन्यात सावली आणि ओल लागते. आर्सेनिक मुळांत फॉस्फेटच्या वाटेने जातं, म्हणून सुपर फॉस्फेट टाकू नका. काम विभागाच्या प्रयोगशाळेतच करा. ती पानं आणि माती कंपोस्टात किंवा गुरांपुढे जाता कामा नये.

वेळ असेल तर मी नेचाच सुचवेन. डिसेंबर उजाडला असेल तर मोहरी घ्या, पण सगळ्या कुंड्यांना सल्फेट सारखंच द्या आणि पानांतली ग्लुकोसिनोलेटं मोजून घ्या.