बिडाची जुनी कोळशाची शेगडी: भंगारातून घरात, आणि एक अख्खा हिवाळा

जळगाव जिल्ह्यात राहून घरात कोळशाची शेगडी बसवली म्हटलं की लोक आधी हसतात, मग तब्येतीची चौकशी करतात. शेजारचे काका तर म्हणाले, "कायले रे भाऊ एवढा खटाटोप? उन्हाळा कमी पडला का तुले?" मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या मुलखात हे साहजिकच आहे. पण रावेर-यावलकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी शेतात राहणाऱ्याला जानेवारीतली पहाट विचारा. पारा १० च्या खाली उतरला की केळीवर चरका येतो, म्हणजे तिला थंडीचा फटका बसतो, बांधावर काडीकचरा पेटवून बागेत धूर करावा लागतो. केळीची एवढी बडदास्त, आणि घरातली म्हातारी माणसं मात्र गोधडीत कुडकुडतात.

शेगडी भुसावळला भंगारात मिळाली. गोल, मध्ये पोट सुटलेली, कंबरेएवढी उंच, सगळी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यातली आहे म्हणे. भंगारवाले प्रत्येक जुन्या वस्तूमागे एक साहेब उभा करतात, त्यामुळे ते मी फार मनावर घेतलं नाही. भाव वजनावर झाला, ते महत्त्वाचं.

अशी वस्तू घेताना गंजाकडे बघू नका, तडा शोधा. वरवरचा गंज निघतो. बीड मात्र पोलादासारखं वाकत नाही, तडकतंच, आणि साधं वेल्डिंग मारलं की जोडाच्या शेजारी नवा तडा जातो. त्याला निकेलचा रॉड आणि भाग आधी नीट तापवून घेणारा कारागीर लागतो. असा माणूस तालुक्याच्या गावी सहज सापडत नाही. लहान हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर सोडून द्या.

गंज काढायला मी धुण्याच्या सोड्याची पद्धत वापरली. प्लास्टिकच्या पिंपात सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार शेगडीच्या सुट्या भागाला, धन तार साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. शेगडीच्या दाराची फट बंद करणारी जुनी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून ती कोरडी न खरवडता ओली करून काढली आणि पिशवीत बंद केली. त्या जागी काचतंतूची दोरी आली. शेगडीच्या दारातल्या खिडकीला अभ्रक हवा, साधी काच तडकते. अभ्रकाचे पत्रे इस्त्री-हीटर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाले. सांधे फायर सिमेंटने भरले, घरबांधणीचं सिमेंट इथे टिकत नाही.

आतली जाळी जळून झडली होती. तिचे तुकडे जुळवून फाउंड्रीत दिले आणि त्यांनी त्याच साच्यावरून नवी ओतली. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणजे फूटभर जाळी ३ मिलिमीटर लहान येते. इथे ते फायद्याचंच झालं. तापल्यावर जाळी फुगते, तिला जागा हवीच. घट्ट बसवलेली जाळी शेगडीचं अंगच फोडते.

खरा खर्च आणि खरी डोकेदुखी धुराड्याची. आमचं घर धाब्याचं, वर लाकडी कड्या आणि माती. त्यातून तापलेला पाइप नेणं म्हणजे घराला काडी लावणं. म्हणून तो भिंतीतून बाहेर काढून धाब्याच्या बराच वर नेला. फॅब्रिकेशनवाला जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप गळ्यात मारायला बघतो, घेऊ नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि फार तापलं की त्याची वाफ अंगाला बाधते. काळ्या पत्र्याचाच पाइप मागा. शेगडीभोवती ३ फुटांत जळण्यासारखं काही नको. आपल्याकडे भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवतात. ज्या खोलीत कापूस, तिथे ही शेगडी नाहीच.

आता वापराबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज संध्याकाळी पेटवली. दगडी कोळसा वीटभट्टीवाल्याकडून आणला. तो रात्रभर पुरतो, पण आपल्याकडच्या कोळशात राख फार, ३० ते ४० टक्के सहज. जाळी सारखी हलवावी लागते, नाहीतर राखेचे खडे अडकून हवा बंद होते. गंधकाचा वास येतो तो वेगळाच. नवा कोळसा टाकताना सगळे निखारे झाकू नका, एका कोपऱ्यात ज्योत दिसती ठेवा. नाहीतर वायू साठून एकदम भडका उडतो. बाभळीचा लाकडी कोळसा स्वच्छ जळतो, फक्त मध्यरात्रीच संपतो. माझं मत बाभळीच्या बाजूने, थंडीची लाट आली तरच दगडी.

पण स्वच्छ जळतो म्हणजे निर्धोक नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत उघडी शेगडी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात त्या याच वायूमुळे. धुराडं असूनही मी झोपायच्या खोलीत अलार्म लावला, झरोका उघडा ठेवला, आणि धुराड्यातली झडप पूर्ण बंद होऊ नये म्हणून तिला भोक पाडून घेतलं. धुकं असलेल्या दिवशी पाइप थंड असतो आणि धूर उलटा खोलीत येतो. आधी वरच्या दारात वर्तमानपत्राचा कागद जाळला की ओढ लागते.

ऊब मात्र अशी की हीटर विसरा. बीड हळू तापतं, पण विझल्यावरही तासन्‌तास ऊब देत राहतं. पहाटे वीज नसली तरी आईचे गुडघे दुखले नाहीत, इतकं मला पुरे. वरच्या तव्यावर चहाचं पाणी कायम गरम. भरताची वांगी बाभळीच्या निखाऱ्यावर भाजून पाहिली. बरी लागली, पण कपाशीच्या काड्यांवरच्या भरताशी त्यांची बरोबरी नाही, उगाच कुणी सांगू नये.

दगडी कोळशाची राख बागेत टाकू नका, भांड्यांनाही लावू नका. राखेची बादली पत्र्याची हवी. आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात याचा विचारच करू नका. स्वतःचं घर, बाहेर काढता येणारं धुराडं आणि रोज राख काढायची तयारी असेल तर जरूर घ्या. सध्या पाइप उतरवून आतून घासून ठेवलाय, भिंतीच्या भोकावर पत्र्याचं झाकण आहे. शेगडीला ग्रॅफाइटची काळी पॉलिश लावून दार किलकिलं ठेवलंय, म्हणजे पावसाळ्यात आत ओल कोंडणार नाही.