पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक बदलून सात महिने झाले

गाडी १६ वर्षांची, त्यातली ११ वर्षं माझ्याकडे. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे विकायचं कधी मनात आलं नाही. पण पुढून खडखड एवढी वाढली होती की मागे बसलेला माणूस हमखास विचारायचा, "काही सुटलंय का?" मला ती ऐकूच यायची नाही. शॉकअप एका दिवसात जात नाहीत. ते हळूहळू जातात आणि आपली कंबर त्यांना सांभाळून घ्यायला शिकते.

शेवटी एकदाच काय ते करून घ्यायचं ठरवलं. पुढचे दोन्ही शॉकअप, त्यांची वरची माउंटं बेअरिंगसकट, बंप स्टॉप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) त्यांच्या रबरी बुश आणि बॉल जॉइंटसह, लिंक रॉड. स्प्रिंगा चांगल्या होत्या, त्या जुन्याच ठेवल्या. गाडीची उंची कमी करायच्या फंदात पडलो नाही. ब्रेकला याच गाडीच्या वरच्या मॉडेलच्या मोठ्या, मधून हवा खेळणाऱ्या डिस्क घेतल्या. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, वापरलेले मिळाले, ते सील बदलून बसवले. पॅड, होस (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आणि ब्रेक ऑइल नवं.

काढलेला शॉकअप जमिनीवर उभा धरून दांडा दाबला, तर नळी निघालेल्या सायकलच्या पंपासारखा बिनविरोध खाली गेला. वरचं बेअरिंग हातात फिरवलं, तर आत वाळू भरल्यासारखं करकरलं. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही म्हणून मी वर्षभर पॉवर स्टिअरिंगच्या नावाने बोटं मोडत होतो. चोर इथे बसला होता.

पहिला आठवडा मात्र निराशेचा गेला. खडखड थांबली होती, पण गाडी लहानसहान खड्ड्यांवरही ताठ चालायची आणि पुढून थोडी उचलल्यासारखी दिसायची. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं गॅरेजमध्ये सांगितलं. मला ते पटेना. सर्व्हिस मॅन्युअल उघडलं तेव्हा कळलं की लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. आमचे आवळले होते गाडी लिफ्टवर असताना, चाकं खाली लोंबकळत होती तेव्हा. अशा बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटलेलं असतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं, उलट जोर लावत बसतं आणि लवकर फाटतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी चाकांवर उभी ठेवून बोल्ट सैल करवले. आतून 'टक्' असा आवाज आला आणि पुढचा भाग डोळ्यांदेखत थोडा खाली बसला. मग टॉर्क पान्याने पुन्हा आवळले. अलाइनमेंट त्यामुळे दुसऱ्यांदा करावी लागली. त्या दिवसापासून गाडी मला हवी तशी चालायला लागली.

ब्रेकबद्दल माझी अपेक्षाच चुकीची होती. मोठी डिस्क टाकली की गाडी कमी अंतरात थांबेल असं वाटलं होतं. तसं होत नाही. जुने ब्रेकही चाकं लॉक होण्याच्या टोकाला नेत होतेच, तेव्हाही एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागायचं आणि आताही लागतं. तिथून पुढे गाडी थांबवायची ती टायरने. फरक पडला लांब उतारावर. पूर्वी घाट उतरताना शेवटच्या वळणांपर्यंत पेडल मऊ होऊन खोल जायचं. पेडल मऊ होणं म्हणजे बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळणं. पॅड तापले तर पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश असला तरी ओलावा शिरल्यावर मानकातली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. माझं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. आता तोच घाट चार जण आणि सामान घेऊन दोनदा उतरलो, पेडल जागचं हललं नाही. यात डिस्कचा वाटा किती आणि नुसत्या ताज्या ऑइलचा किती, हे मी सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी बदललं. पुन्हा करायचं झालं तर आधी ऑइल आणि होस बदलून महिनाभर चालवून बघेन. कदाचित मोठ्या डिस्कची गरजच भासणार नाही.

शिवाय मोठ्या डिस्कची एक किंमत आहे, ती आधी कुणी सांगितली नाही. माझी चाकं १४ इंची, स्टेपनी मात्र १३ इंची. ती आता पुढे बसतच नाही, रिम कॅलिपरला घासते. हे कळलं चौथ्या महिन्यात, भर पावसात, पुढचं टायर बसल्यावर. मग मागचं चाक काढून पुढे, स्टेपनी मागे, दोनदा जॅक, आणि अंगावर कोरडा धागा नाही. स्टेपनी १५५/८० आणि चाकं १७५/६५, त्यामुळे बाहेरच्या व्यासात फरक जेमतेम ५ मिमीचा. हळू चालवत घरी आलो.

गेल्या आठवड्यात चाकं काढून पॅड मोजले. उजवीकडे आतला-बाहेरचा सारखे झिजलेत. डावीकडे आतला ६ मिमी, बाहेरचा ९. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्यांपैकी खालची स्लाइड पिन अडकत होती. तिच्या रबरी बुटाला केसासारखी चीर, आत पाणी आणि गंज. कॅलिपर घेताना पिस्टनची सीलं बदलली, पण हे बूट दिसायला बरे आहेत म्हणून जुनेच राहू दिले होते. पिन घासून, सिलिकॉन ग्रीस लावून तात्पुरती बसवली आहे. चारही बूट मागवलेत.