काळी ग्लँड दोरी: पंपासाठी घ्यावी की नाही?

जायकवाडीच्या फुगवट्यावर, पैठण-गंगापूरच्या पट्ट्यात, ग्लँडचे, म्हणजे शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथली गळती दाबून बसवलेल्या दोरीने अडवणारे, जे पंप अजून टिकून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. ग्रीस लावलेली सुती दोरी स्वस्त, पण मिनिटाला २९०० फेऱ्यांवर लवकर कडक होते. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तिच्यात रुतलेली रेती स्लीव्हला (शाफ्टवर चढवलेल्या नळीला) कानशीसारखी खाते. त्या मानाने ग्रॅफाइट मिसळलेली काळी पीटीएफई (टेफ्लॉन) दोरी महाग पडली तरी परवडते, अर्थात स्लीव्ह धड असेल तरच.

तशीच दिसणारी पांढरी दोरी इथं नको. नुसतं पीटीएफई उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तापलं की फुगतं आणि शाफ्टला आवळतं. ॲस्बेस्टॉसची दोरी तर फुकट दिली तरी घेऊ नका, तिची धूळ फुप्फुसात बसते.

दुकानात जुना तुकडा दाखवून माप मागू नका, तो दबलेला असतो. स्टफिंग बॉक्सच्या, म्हणजे दोरी बसते त्या पोकळीच्या, आतल्या व्यासातून स्लीव्हचा व्यास वजा करून निम्मं करा. ५१ मधून ३५ गेले १६, म्हणजे दोरी ८ मिमी. एका कड्याला साधारण १३५ मिमी लागते. पाच कडी असतील तर पाऊण मीटर पुरते.

दोरीला नावं ठेवणारे बहुतेक जण वरची दोन कडी बदलतात आणि तळाची जळकी तशीच ठेवतात. मग नट कितीही आवळा, गळती हटत नाही. जुनं सगळं उकरून काढा, पण स्क्रू-ड्रायव्हरने स्लीव्ह ओरबाडू नका. स्लीव्हवर नख फिरवा. चर लागला तर आधी स्लीव्ह बदला, नाहीतर नवी दोरी पाण्यात गेली समजा. कडी स्लीव्हच्याच जाडीच्या पाइपवर गुंडाळून तिरकी कापा. एकेक कडं तळापर्यंत दाबून बसवा आणि प्रत्येक सांधा आधीच्यापासून पाव फेरा फिरवून ठेवा. मध्ये लँटर्न रिंग (दोरीला पाणी पोचवणारं भोकांचं कडं) असेल तर ती पाण्याच्या भोकासमोरच यायला हवी.

ग्लँडचे नट आधी हातानेच आवळा. पंप चालू झाल्यावर सुरुवातीला पाणी भरपूर गळेल, गळू द्या. दहा-दहा मिनिटांनी दोन्ही नट सारखेच, एका वेळी फेऱ्याचा सहावा हिस्सा फिरवा. मिनिटाला ४० ते ६० थेंब राहिले की पाना खाली ठेवा. तेच पाणी दोरी थंड ठेवतं; थेंब बंद करायच्या हट्टापायी दोरी जळते. उलट फार सैल सोडली तर काही पंप ग्लँडमधून हवा ओढतात आणि पाणी उचलणं सोडतात.

कोरडं चालणं मात्र काळ्या दोरीलाही सोसत नाही. रात्री लाइट येते, ऑटो स्विच मोटार सुरू करतो आणि फुटवॉल (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळका असल्यानं पाइप रिकामा असतो. अशा वेळी काळी-पांढरी सगळ्या दोऱ्यांची गत एकच. ऑटो ठेवायचाच असेल तर ड्राय-रन कटऑफ (पाणी नसेल तर मोटार बंद करणारं यंत्र) बसवा आणि फुटवॉल आधी दुरुस्त करा.

इनबोर्ड इंजिनाच्या बोटीत पंख्याच्या शाफ्टची ग्लँडही याच पद्धतीने भरतात. फक्त तिथं पाणी बोटीच्या आत येतं, म्हणून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पुरे आणि बोट उभी असताना जवळजवळ काहीच नको. धरणाच्या गोड्या पाण्यात काळी दोरी चालून जाते. समुद्रातल्या बोटीला मात्र ग्रॅफाइट नसलेली घ्या, खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट शाफ्टच्या धातूला खातं.