ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय : हायड्रॉलिक टॅपेट धुऊन, तपासून परत बसवल्यानंतरचा अनुभव

स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली, ९० अश्वशक्तीच्या डिझेल (टीडीआय) इंजिनाची जुनी ऑक्टाव्हिया मी आजही रोज वापरतो. या इंजिनाचे गुण वाचकांना माहीत आहेत, म्हणून थेट टॅपेटच्या, म्हणजे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसणाऱ्या वाटीसारख्या भागांच्या, आवाजाकडे येतो. गार इंजिनावर काही सेकंद येणारी टकटक हळूहळू गरम इंजिनावरही टिकू लागली, तेव्हा एका गॅरेजने वरचे कव्हरही न उघडता कॅमशाफ्टसह आठही टॅपेट बदलण्याचे अंदाजपत्रक हातात दिले, तर दुसऱ्या गॅरेजने टॅपेट सेटिंग (फट हाताने जुळवणे) करून देण्याची तयारी दाखवली. हायड्रॉलिक टॅपेट आतल्या ऑइलच्या दाबाने ही फट स्वतःच भरून काढते, त्याला सेटिंग नसतेच. काहीही न मोजता हजारो रुपयांचे सुटे भाग सुचवणे मला आजही पटत नाही, म्हणून एका ओळखीच्या मेकॅनिकच्या मदतीने मोजमाप करूनच निर्णय घ्यायचे ठरवले.

तपासणी गाडीतच सुरू होते. रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत इंजिन तापवावे, मग दोन मिनिटे, मिनिटाला २५०० फेऱ्यांवर चालवावे. त्यानंतरही आवाज राहिला तरच कव्हर काढावे. ऑइलचा दाबही आधीच पाहून घ्यावा, कारण दाब कमी असेल तर टॅपेटला दोष देण्यात अर्थ नाही. ८० अंश तापमानाला आणि २००० फेऱ्यांवर तो किमान २ बार हवा. कव्हर काढल्यावर ज्या टॅपेटवरचा कॅमचा उंचवटा वर असेल, ते टॅपेट लाकडी पाचरीने हलकेच दाबावे आणि कॅम व टॅपेट यांच्यामध्ये ०.२ मिमीचे फीलर गेज (फट मोजायची पोलादी पट्टी) जाते का ते पाहावे. गेले, तर ते टॅपेट बाद. माझ्या गाडीत दोन ठिकाणी गेज गेले आणि उरलेल्या सहा ठिकाणी गेले नाही. अंदाजपत्रक मात्र आठांचे होते.

कॅमशाफ्ट काढताना आधी ५, १ आणि ३ क्रमांकाच्या कॅप (कॅमशाफ्ट धरून ठेवणारी बेअरिंगची झाकणे) सोडवाव्यात आणि नंतर २ व ४ क्रमांकाच्या कॅप आळीपाळीने, तिरक्या क्रमाने ढिल्या कराव्यात. प्रत्येक टॅपेट ज्या भोकातून निघाले त्याच भोकात परत गेले पाहिजे, म्हणून आठ खणांचा, क्रमांक घातलेला डबा आधीच तयार ठेवावा. टॅपेटच्या माथ्यावर खड्डे पडले असतील, तर ते धुण्यात वेळ घालवू नये.

आता आवाजाच्या मुळाशी असलेल्या गोळीविषयी. टॅपेटच्या पोटात एक लहान पोलादी गोळी असते. कॅमचा दाब आला की ती आपल्या बैठकीवर बसून खालच्या कप्प्यातले ऑइल कोंडते आणि त्या कोंडलेल्या ऑइलमुळेच टॅपेट घट्ट राहते. बैठकीवर जळक्या ऑइलचा पातळसा थर जमला, तरी गोळी नीट बसत नाही, ऑइल निसटते आणि आवाज येतो. कंपनीच्या मते टॅपेट हा न उघडण्याचा, अख्खा बदलण्याचा भाग आहे. तरीही मी आठही उघडले. एका वेळी एकच उघडावे, कारण आतला दट्ट्या आणि त्याचा सिलिंडर जोडीनेच घासून बसवलेले असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. स्वच्छ डिझेलमध्ये भिजवणे, मऊ ब्रश आणि धागे न सोडणारे कापड एवढे पुरते. पॉलिश पेपर मुळीच लावू नये.

धुतलेले टॅपेट चांगले दिसते, पण चांगले आहे की नाही हे फक्त गळतीच्या चाचणीत कळते. प्रत्येकात डिझेल भरून, हवा पूर्ण काढून, एकाच वजनाखाली दट्ट्या किती वेळात खाली बसतो ते डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) लावून पाहिले. कारखान्यात यासाठी ठरावीक पातळ द्रव वापरतात, त्यामुळे घरचे आकडे छापील आकड्यांशी ताडून पाहू नयेत. आठांची आपसांत तुलना मात्र निश्चित करता येते. सहा जवळपास सारखे वागले. गेजने पकडलेले दोन धुतल्यानंतरही झटकन खाली गेले, म्हणून तेवढेच नवे घेतले.

बसवताना एक गोष्ट जिवापाड सांभाळावी. कॅमशाफ्ट कसल्यावर सुमारे ३० मिनिटे इंजिन चालू करू नये, अन्यथा ऑइलने फुगलेल्या टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात. त्यानंतर हाताने क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन पूर्ण फेऱ्या द्याव्यात आणि कुठेही अडत नाही याची खात्री झाल्यावरच किल्ली फिरवावी.

सुरुवातीला माझे मत असे होते की धुतलेले टॅपेट फार तर पुढच्या ऑइल बदलापर्यंत टिकतील. कित्येक महिने उलटले, उन्हाळा आणि पावसाळाही गेला, आणि गरम इंजिनावर आवाज परत आलेला नाही, त्यामुळे ते मत मी बदलले आहे. गाडी काही दिवस उभी राहिली की सकाळी दोनतीन सेकंद टकटक होते. प्रथम मी त्यामुळे अस्वस्थ झालो होतो, पण कान लावून ऐकल्यावर तो आवाज नव्या दोन टॅपेटच्या बाजूनेही येतो असे लक्षात आले. उभ्या गाडीत ज्या टॅपेटवर कॅमचा दाब राहतो त्यांच्यातून ऑइल झिरपतेच, आणि सुरू होतानाचा अनियमित आवाज कंपनीही सामान्य मानते.

मजुरीचा मोठा भाग टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) काढण्या-बसवण्यात जातो, तेव्हा बेल्ट बदलायची वेळ आली असेल त्याच सुमारास हे काम काढावे आणि मेकॅनिकला फीलर गेज घेऊनच बोलवावे.