मॅकडेविड आणि आयकेल: फॉरवर्डच्या करिअरचे दोन रस्ते

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग. तिच्या 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, कॉनर मॅकडेविड पहिला निवडला गेला, जॅक आयकेल दुसरा. दोघेही सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचे फॉरवर्ड (आक्रमक), पण तिथवर पोहोचण्याचे रस्ते अगदी वेगळे.

मॅकडेविड कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून, ईरी ऑटर्स या संघाकडून आला. तिथे हंगामात 68 सामने आणि बसचे लांबलचक प्रवास. वेळापत्रक जवळजवळ व्यावसायिक लीगसारखंच, त्यामुळे शरीराला त्या धकाधकीची सवय लवकर होते. आयकेल बोस्टन युनिव्हर्सिटीत खेळला. कॉलेजात सामने साधारण निम्मे, तेही बहुतेक शुक्रवार-शनिवारी. उरलेला आठवडा सरावाला आणि व्यायामाला. पहिल्याच वर्षी त्याने 40 सामन्यांत 71 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवून होबी बेकर, म्हणजे कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार पटकावला.

अंगाने उशिरा भरणाऱ्या मुलाला मी कॉलेजच सुचवेन. पूर्वी ज्युनिअर लीगमध्ये खेळलं की कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. 2025 पासून तो नियम गेला, आणि फार बरं झालं.

पुढे मॅकडेविडने तीनदा हार्ट ट्रॉफी, म्हणजे एनएचएलमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार मिळवला. त्याचा वेग बघावा तर वळताना: पाय एकमेकांवरून टाकत तो वळणातच वेग वाढवतो, आणि बचावपटू मागे राहतो. आयकेलची मानेची चकती निकामी झाली. कृत्रिम चकती बसवून एनएचएलमध्ये परतलेला तो पहिलाच खेळाडू. 2023 मध्ये त्याने व्हेगास संघाकडून स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपदाचं चषक उंचावलं, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.