क्लासिकल गिटारचं किट: मापं चोख, आवाज मात्र तुमच्या हातात

सगळी नोकरी टूलरूममध्ये झाल्यामुळे कुठलीही नवी वस्तू हातात आली की आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचा कॅलिपर, लावायची मला खोड आहे. क्लासिकल गिटार घरी जोडण्याच्या या किटलाही तोच लावला, आणि त्या परीक्षेत किट पहिल्या वर्गात पास झालं. तारेची लांबी ६५० मिलिमीटर. त्या हिशेबाने पहिला पडदा नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ३६.४८ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ३२५ वर यायला हवा. फिंगरबोर्डच्या, म्हणजे पडदे बसतात त्या मानेवरच्या पट्टीच्या, खाचा कापूनच येतात आणि त्या जिथे हव्यात तिथेच आहेत. हे काम ज्यांनी हातकरवतीने केलंय त्यांना याचं मोल कळेल. पडद्याची जागा चुकलेली गिटार कितीही जुळवली तरी सुरात येत नाही.

बाजूच्या पट्ट्याही वाकवून मिळतात. तापलेल्या नळीवर पातळ लाकूड वळवताना कमरेच्या बाकावर ते कडकन मोडतं, तो प्रकार वाचला. पण वाकवलेलं लाकूड पडून राहिलं की थोडं उलगडतं, म्हणून जोडताना साचा लागतो. किटमधला साचा पुठ्ठ्याचा आहे. तो सरळ बाजूला ठेवा आणि प्लायवूडचा बनवा.

आता मुद्द्याचं, तबलीचं, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीचं. घोडीतून (तारा बांधतात तो फळीवरचा ठोकळा) आलेली तारांची थरथर हवेपर्यंत पोचवायचं बहुतेक काम हीच पातळ फळी करते. आणि नेमकं तिच्याबाबत माहितीपुस्तिका चार ओळींत आटोपते. स्प्रूस लाकडाची फळी २.८ मिलिमीटर जाडीची येते आणि पुस्तिका म्हणते, कागदाने घासा, आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवा, पुढे चला. तशी जोडली तर गिटार वाजेल. पण जोर काढून छेडावी तेव्हा कुठे समोरच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल, अशी.

जरा हिशेब मांडतो, कारण यात गंमत आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २.८ ची फळी २.४ वर आणली की वजन साधारण सातव्या हिश्शाने घटतं, पण ताठपणा एक तृतीयांशापेक्षा जास्त घटतो. म्हणजे रंध्याचा एकेक हात वजनापेक्षा ताठपणात जास्त बोलतो. मग एकच आकडा छापून का चालत नाही? कारण दोन स्प्रूस फळ्या सारख्या नसतात. एकाच जाडीला एक पत्र्यासारखी ताठ राहते, दुसरी ढिली पडते. सीडर लाकडाची फळी सहसा स्प्रूसपेक्षा कमी ताठ, म्हणून ती थोडी जाड ठेवतात. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये बोललेल्या माणसाला हे पचायला जड जातं, पण इथे मोजमाप फक्त नोंद ठेवायला कामाचं. फळी दोन्ही हातांत धरून लाकडाच्या रेषांच्या आडवी वाकवायची, मग लांबीत वाकवायची, एका कडेला चिमटीत धरून बोटाच्या पेराने टकटक करायची. जाड फळी ठोकळ्यासारखी ठक वाजते. उतरत उतरत एका टप्प्यावर तिला स्वर फुटतो आणि तो रेंगाळतो. माझी फळी घोडीखाली २.४ ला आणि खालच्या घेराच्या कडेला २ च्या आसपास थांबवली. तुमची वेगळीकडे थांबेल.

आतल्या पट्ट्यांची मांडणी पंख्यासारखी, सात पट्ट्यांची. एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश गिटारकार आंतोनियो दे तोरेसने रूढ केलेली. मांडणीला नावं ठेवायला जागा नाही. लाकडाला आहे. सातांपैकी एका पट्टीच्या रेषा तिरप्या गेलेल्या होत्या. अशी पट्टी दिसायला ठीक, पण ताठपणात कच्ची. ती बाद करून उरलेल्या स्प्रूसच्या तुकड्यातून पटाशीने रेषेबरोबर चिरून दुसरी काढली. पट्ट्या उतरवायच्या तर उंचीत उतरवा. घनाचा हिशेब तिथेही लागू आहे. रुंदी कमी केल्याने तेवढा फरक पडत नाही.

हवेतल्या ओलाव्याबद्दल पुस्तिकेत अक्षर नाही, आणि ही उणीव मला सगळ्यात खटकली. दमट हवेत पट्ट्या चिकटवल्या तर कोरड्या दिवसांत तबली आकसते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि फट पडते. सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच हे काम करा. सोबतचा पांढरा गोंद बाकी सगळीकडे चालेल. घोडीला मात्र मी सरस वापरला. सहा नायलॉन तारांचा मिळून सुमारे ४० किलोचा ओढ त्या जोडावर कायम असतो, आणि पांढरा गोंद उन्हात तापला की हळूहळू सरकतो.

पुस्तिका आधी पॉलिश आणि मग तारा सांगते. उलट करा. कोऱ्या लाकडावरच तारा चढवून वाजवून बघा. माझ्या गिटारच्या खालच्या सुरांच्या जाड तारा सुरुवातीला बंद बंद वाटत होत्या. तबलीची कड खालच्या घेरात बाहेरून अजून थोडी उतरवल्यावर त्या मोकळ्या झाल्या, आणि पहिल्या तारेची वरच्या पडद्यांवरची धार तशीच राहिली. पॉलिश झाल्यावर ही मुभा जाते. पॉलिश लाखेचं, बोळ्याने, अगदी पातळ. किटमधला स्प्रे जाड बसतो.

घोडीवरचा सॅडल (ज्यावर तारा टेकतात ती पट्टी) प्लॅस्टिकचा मिळतो; हाडाचा घाला. आणि तो नेमक्या ६५० वर बसवू नका, दीड-दोन मिलिमीटर मागे घ्या. तार पडद्यावर दाबली की ताणली जाते आणि स्वर चढतो, तो त्याने भरून निघतो. एवढं केल्यावर माझ्या गिटारची तिसरी तार, जी नायलॉनमध्ये सगळ्यात जास्त त्रास देते, बाराव्या पडद्यावरही कानाला खटकत नाही. पोकळीतल्या हवेचा स्वर एफ शार्प आणि जी या पाश्चात्य स्वरांच्या मध्ये पडलाय. नेमका एखाद्या स्वरावर पडला असता तर तोच एक स्वर भसकन मोठा येऊन लगेच विझला असता. आवाज मोठ्या मैफलीचा नाही, पण खोलीत भरून राहतो, आणि उजवा हात घोडीकडून छिद्राकडे नेला की रंग बदलतो. कारखान्यातल्या प्लायवूडच्या गिटारींत हे क्वचितच मिळतं.

किट दोन प्रकारांत येतं: पाठ आणि बाजू महोगनीच्या, किंवा रोजवूडच्या. रोजवूडचं बरंच महाग आहे. पहिल्यांदाच करत असाल तर महोगनी घ्या; आवाजाचं बहुतेक काम तबली करते, पाठ नाही. याच तोरेसने १८६२ मध्ये पुठ्ठ्याच्या पाठीची आणि पुठ्ठ्याच्याच बाजूंची एक गिटार केली होती, तबली तेवढी लाकडाची. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. वाचलेल्या पैशांत स्प्रूसची एक जादा फळी मागवा. पहिली निर्धास्तपणे वाकवून, ठोकून, गरज पडली तर मोडूनही बघता येईल. सोबतच्या तारा कोऱ्या लाकडावरच्या चाचणीपुरत्या ठीक आहेत. पॉलिश सुकलं की मध्यम ताणाचा चांगला संच चढवा.